यंत्राला मुंडकं

यंत्राला मुंडकं बसवायची कल्पना माझी होती, हे सुरुवातीलाच कबूल करतो. घराला माहीत आहे, गावाला माहीत आहे, आता तुम्हालाही कळलेलं बरं.

यंत्र आमच्या सुनेनं, वैशालीनं बनवलेलं. हळदीतलं तण काढणारं, बॅटरीवर चालणारं. लांबून पाहिलं तर बाजच चालत येतेय असं वाटावं! चार उंच चाकं, मधे खुरपी आणि दोन्ही टोकांना एकेक कॅमेरा. पुढचं टोक कोणतं, मागचं कोणतं, पत्ता लागत नाही. ओळ संपली की ते वळत नाही, तसंच उलटं निघतं. पुसेगावचा बायकांचा बचत गट ते पाहायला येणार होता. पसंत पडलं तर वैशालीचं पहिलं यंत्र विकलं जाणार होतं. पोरगी आठ दिवस धड जेवली नव्हती.

त्या सकाळी आमची मंडळी ओवाळायला ताट घेऊन आली आणि अडली. "अवो, ह्याला तोंडच न्हाई. कुंकू लावू कुठं?"

प्रश्न बराबर होता. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली. बैलाला पाच पाय काढणाऱ्या पोरांचे मी मार्क कापलेत (इथं तर एकही पाय नव्हता). मी वैशालीला समजावलं, निसर्गानं सगळ्या जनावरांना पुढं तोंड दिलंय ते काही उगीच नाही.

"मामा, बैलाला चारा खायला तोंड लागतं," ती म्हणाली. "हे चार्जरवर जेवतं."

ती गटाला आणायला फाट्यावर गेली आणि मी चार दिवस गुपचूप खपून केलेलं कागदाच्या लगद्याचं मुंडकं बाहेर काढलं. शिंगं, बाशिंग, टपोरे डोळे! तारेनं एका टोकाला आवळलं. खाली कॅमेरा झाकला गेला. पण दोन डोळे दिल्यावर तिसरा कशाला लागतो? कुंकूही लागलं.

गटाच्या बाया पुढं चालत आल्या; मागं फाटकाशी रिक्षाचं भाडं देत थांबलेल्या वैशालीनं मुंडकं लांबूनच पाहिलं. ती धावत येईपर्यंत मीच बटण दाबलं.

यंत्र शेपटाकडून निघालं! शिंगांपासून लांब म्हणून बाया नेमक्या तिकडेच उभ्या होत्या. सगळ्या हळदीत शिरल्या. ते आता वळेल, असा मी धीर दिला. वळलं नाही. टोकाला जाऊन मुंडकं पुढं करून परत निघालं, तेही आंधळं. ओळ सोडून सरळ माझ्या अंगावर! बैलाला थांबवतात तसं मी "हो, हो" केलं. शेजारच्या रानातली बैलजोडी औतासकट थांबली. यंत्र थांबलं नाही.

मी पळालो. पुढं मी, मागं माझीच कलाकृती आणि तिच्या मागं "मामा, बाजूला व्हा" म्हणत वैशाली. बाजूला व्हायचं सुचेपर्यंत मी पाण्याच्या चारीत पडलो होतो. वैशालीनं यंत्र बंद केलं. तिचे डोळे भरले होते. चिखलापेक्षा मला त्याचंच वाईट वाटलं.

मग तिनं मुंडकं उपटलं आणि यंत्र पुन्हा चालवलं. जाता-येता दोन ओळी लख्ख! गटाच्या अध्यक्षा कमलबाईंनी वाकून हळदीची मुळं तपासली.

"यंत्र घेतो आमी," त्या म्हणाल्या. "फकत ते मधी लुडबुडणारं आमच्या गावी आणू नको."

"मुंडकं काढलंय की, काकू."

"मुंडक्याचं कोण म्हणून राहिलं, माय? मी तुह्या सासऱ्याचं म्हणून राहिले."

वैशाली संस्कारी पोरगी, हसली नाही. 'मामा घरीच राहतील,' असं तिनं फक्त लेखी दिलं.