घशाशी अडलेलं पाणी

जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात ती शरीरशास्त्र शिकवायची. तिथे मॅडम, घरी सूनबाई. हात हलका, पण जीभ तिखट.

सासरे एकेकाळचे बस कंडक्टर. आवाज असा, की मागच्या सीटवर घोरणारा खडबडून उठायचा. अर्धांगाच्या झटक्यानंतर मात्र पाण्याचा साधा घोट घेतला तरी ठसका लागायचा, श्वास अडायचा. त्या सकाळी शेजारीण बसलेली असतानाच सुनेच्या इस्त्रीच्या साडीवर फवारा उडाला.

"मुद्दाम करता का हो बाबा? लहान बाळसुद्धा नीट पितं!"

शेजारीण चपापली. बाबांनी पेला खाली ठेवला.

कॉलेजात त्या दिवशी सशावर प्रयोग होता. ससा भूल देऊन गाढ झोपवलेला. तिने त्याच्या घशातल्या नसेला विजेचा बारीकसा झटका दिला. छातीची हालचाल थांबली, पडद्यावर हृदयाचे ठोके मंदावले. वीज बंद करताच श्वास पुन्हा सुरू झाला.

"घशात चुकीच्या वाटेने पाणी शिरू लागलं, तरी ही नस हेच करते," ती म्हणाली. "फुफ्फुसं वाचवायला शरीर दारच लावून घेतं."

"पण मॅडम, जागेपणीही त्याला ते आवरता येत नाही?" एका विद्यार्थिनीने विचारलं.

"कसं आवरेल? ते काय त्याच्या हातात..."

सकाळी बाबांनी खाली ठेवलेला पेला तिच्या डोळ्यांसमोर आला. कानशिलं तापली. वर्षानुवर्षं हेच शिकवत आलेली ती, आणि दिव्याखाली अंधार!

घरी आली तर पेला तसाच भरलेला.

"दिवसभर पाणी नाही प्यालात?"

"तहान नव्हती गं," बाबा म्हणाले. त्यांच्या ओठांचे पापुद्रे निघाले होते.

ठसका लागू नये म्हणून पाणी घट्ट करायची पावडर डॉक्टरांनी केव्हाच दिली होती. रोज कोण कालवत बसणार, म्हणून तिनेच ती कपाटात सारलेली. आता तिने ती कालवली, बाबांची हनुवटी छातीकडे झुकवली आणि चमचा पुढे केला. ठसका लागला नाही.

"चुकलं माझं, बाबा. मला सगळं ठाऊक होतं, तरी बोलले."

"पुढे सरका, पुढे सरका म्हणण्यात जन्म गेला," बाबा म्हणाले, "आता पाणीच ऐकत नाही."

तिला हसू आलं नाही. शेजारणीकडे जाऊन तिने तिच्यापाशीही चूक कबूल केली. तरी मन हलकं होईना. कारण पुढे कितीतरी दिवस प्रत्येक चमच्याआधी बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघून घेत, आणि मगच तोंड उघडत.