वाफ्यातली खाती

आयर्लंडमधल्या नास गावातले आमचे शेजारी सरकारी कारकून. कोविडच्या लॉकडाऊनमध्ये घरून काम करता करता त्यांनी परसात भाजी लावली आणि प्रत्येक वाफ्यात एकेका सरकारी खात्याची पाटी ठोकली. बटाटे म्हणजे शेती, घेवडा म्हणजे पर्यावरण, कांदे म्हणजे वाहतूक. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, "ग्रँड," म्हणजे तिकडच्या बोलीत 'झकास'.

नवं सरकार आलं आणि त्याच्या धोरणानुसार खात्यांची फोडाफोड सुरू झाली. पर्यावरण खातं वाहतूक मंत्र्यांकडे गेलं, तसा यांनी घेवडा मुळासकट उपटून कांद्यांत लावला. दोन दिवसांत त्याने मान टाकली.

"मंत्र्यांना कळवा," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात रिकाम्या वाफ्यात एक कोरी पाटी दिसली.

"ही कोणाची?"

"माझी. मला कुठे हलवलंय, ते अजून कळवलेलं नाही."

आणि त्यांनी झारीने तिथेही पाणी घातलं.