मोरचुदाच्या पुड्या

शेतकी खात्यात जन्म काढलेल्या माणसाकडे पेन्शन थोडी आणि किस्से फार! चार जण जमले, पानाचा डबा फिरला, की एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो. माझे बहुतेक बुलढाणा जिल्ह्यातले. वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर चाले आणि आमचे हुकूम नागपूरहून सुटत.

काम ऐकायला सोपं. ज्वारीवर काणी पडते, कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. पेरण्याआधी बी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडवून सुकवलं, की काणी टळते. एवढंच गावोगाव पोचवायचं. त्यासाठी खात्याचा बी-औषधाचा डेपो सुलतानपूरला, पाटलांच्या ओसरीलगतच्या खोलीत. नागपूरच्या साहेबांनी बजावलं होतं, "पीक उभं असताना मी येईन. डेपोच्या शेजारच्या गावातसुद्धा हे पोचलं नसेल, तर डेपो बंद!" डेपो गेला की ही माणसं पुन्हा काळी कणसं मळत बसणार, याचं मला फार वाईट वाटायचं.

* * *

पहिलं भाषण मी कडुनिंबाखाली दिलं. तासभर बोललो. माणसं माना डोलावत होती. शेवटी विचारलं, "कोणाला काही शंका?"

एक म्हातारबुवा उठले. "सगळं समजलं साहेब. आता हे सांगा, तुमचं लगन झालं का?"

* * *

सुलतानपूरच्या आधी मी वरवट बकालकडे होतो. तिथं एका शेतकऱ्याला खात्याचा लोखंडी नांगर वापरून पाहायला दिला. दोन महिन्यांनी गेलो, तर नांगर घरात पाटावर! हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूची माळ.

"अहो, हा चालवला का नाही?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "पूजा झाली ना बाबूसाहेब! आता देव मातीत कसा घालू?"

* * *

मोरचूद म्हणजे विष, ही धास्ती काही खोटी नव्हती. बुडवलेलं बी खायचं नाही, पण त्यातून उगवलेली ज्वारी खुशाल खा, हे पटवायचं कसं? सुलतानपुरात मी सगळ्यांदेखत, खात्याच्या शेतावर अशा बियातून पिकलेल्या ज्वारीची भाकरी खाल्ली. एकटाच. बाकीचे माझं तोंड बघत होते.

"आज मुक्काम करा," यजमान म्हणाले. "सकाळी पाहू."

सकाळी अर्धं गाव मला पाहायला आलं! मी जिवंत आहे म्हटल्यावर चहा मिळाला.

पुढे साखरखेर्ड्याला गेलो, तर तिथंही भाकरी तयार. मी म्हटलं, "अहो, सुलतानपुरात खाल्ली ना!"

"तिथं जगले तुमी, हाव. पण हे साखरखेर्डा आहे!"

* * *

साखरखेर्ड्याचे रहीमचाचा किराणा दुकानदार. मोरचुदाच्या पुड्या फुकट वाटायला त्यांच्याकडे ठेवल्या, कोणी हात लावीना. चाचा म्हणाले, "बाबूजी, फुकट की चीज पे कौन भरोसा करता? तुमी जा, मी पाहतो."

महिन्याभरात पेटी रिकामी! मी चकित. "चाचा, कसं केलंत?"

"जो आया उसको बोला, एकच राह्यली."

"मग एवढ्या पुड्या?"

"सब आखरीवालीच गयी!"

* * *

राहिलं डेपोच्या शेजारचं, नदीपल्याडचं गाव. साहेब पाहणार होते ते नेमकं हेच! आणि त्या गावाच्या बैलजोडीनं शंकरपटाच्या शर्यतीत आमच्या पाटलांची जोडी हरवलेली. तेव्हापासून बोलणं बंद. त्या गावचे म्हणत, "पाटलाच्या ओसरीवरचं औषध आमाले नोको." पाटील म्हणत, "एक दाणा जाऊ देणार नाही. काढू दे काळी कणसं!" मी दोन्हीकडे हात जोडले. व्यर्थ.

साहेब आले. आम्ही बैलांची दमणी नदीपार नेली. पाहतो तर सगळं शिवार स्वच्छ, काणी औषधालासुद्धा नाही!

बांधावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "हे बी आणलं कुठून?"

"बायांच्या ओटीत आलं. निळं होतं. खाऊ नोका, पेरजा, असा निरोप होता. ओटीतलं धान्य परत कसं करावं?"

परत आल्यावर साहेबांनी पाटलांचा हात हातात घेतला. "शाबास पाटील! शेजारच्या गावालाही बी दिलंत."

पाटील लालबुंद. "म्या? त्या गावाले? एक दाणा देला असीन तर मिशा उतरवीन!"

दाराआडून पाटलीणबाईंचा आवाज आला. "दाणा कोण देते? आपली लेक त्या गावात नांदते. तिच्या संगं बाजाराले आलेल्या सवाष्णी दारातून रित्या कशा धाडू? ओट्या भरल्या."

साहेब पाटलांकडे बघू लागले, पाटील दाराकडे.

मग पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

"लिहून घ्या साहेब," ते म्हणाले, "आमच्या घरची ओटी काही लहान नसते!"