ट्रालीचा मांडव

बायको गेली थंडीत. उन्हाळा लागला तरी मी सासरी फिरकलो नव्हतो. काय तोंड घेऊन जायचं, हा एक भाग. दुसरा असा की जावयाचं नातं पोरीमुळं. पोरगीच नाही तर मी त्या घरचा कोण? मला कोणी असं बोललं नव्हतं. पण ड्युटीवरून येऊन ऊर्जानगरच्या क्वार्टरात एकट्यापुरता भात टाकताना एवढीच गोष्ट डोक्यात असायची. बाकी काही वाटत नव्हतं. दुःखसुद्धा नाही. ताप उतरल्यावर तोंडाला चव नसते ना, तसं.

मग मामाजींचा फोन आला. मामाजी म्हणजे सासरे.

"ट्रालीले मांडव घालाचा आहे, जवाई. उन्हानं टायर तडकून राह्यले. मांगच्या गारपिटीनं पत्रा बी चेपला. आता वादळाचे दिवस. येऊन जा."

ट्रॅक्टरच्या ट्रालीला मांडव! दोन मजूर लावा ना बाप्पा, त्यात माझं काय अडलं? धाकटा जावई, माझा साडू, तिथं जवळ वडशातच राहतो, त्याला सांगा. एरवी माझा पारा लगेच चढतो. त्या दिवशी तोही चढला नाही. "येतो," म्हणालो.

मांडवाचं नुसतं निमित्त असणार, हे मी धरूनच चाललो होतो. माहेरी राहिलेली बायकोची पेटी हाती देतील, चहा पाजतील आणि विषय संपवतील. गाडीवर रस्ताभर हेच घोळत होतं. कडेला तेंदूच्या पानांचे पुडे वाळत होते. पाहिले, बस.

पोचलो तर साडू आधीच आलेला. अंगणात ऐनाचे खांब पडलेले, बांबू चिरून ठेवलेले, वर अंथरायला धानाची तणस. ट्राली गुरांच्या कोठ्याच्या भिंतीला पाठ लावून उभी. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला, पाण्याचा गडवा ठेवला आणि आत गेल्या. पेटीचं नाव कोणी काढेना.

त्या गावची रीत अशी की लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब घरचा जावई रोवतो. समोर, अगदी मधोमध. आता ट्रालीला कसली आली रीत? पण मामाजींनी खड्डा खणायची सबल, म्हणजे पहार, उचलली. साडूला देतील, मनात म्हटलं. द्यावीच. त्याची बायको जिवंत आहे.

"मोठे जवाई, रोवा," मामाजी म्हणाले.

साडू बाजूला झाला. मी खड्डा खणला. खाली सगळा मुरूम, हात सोलून निघाले, पण दुखलं काही नाही. खांब रोवला, मग आम्ही तिघांनी बाकीचे खांब उभे केले, बांबू बांधले, तणस पसरली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून दोर आवळले. संध्याकाळ झाली.

शेजारचा ट्रॅक्टरवाला बघायला आला. हंगामात ही ट्राली त्याचाच ट्रॅक्टर ओढतो. त्यानं एक नजर टाकली आणि पोट धरून हसायला लागला.

"काय जी, ट्राली काढान कुठून? खांब त हुकाच्या नाकासमोर रोवला!"

खरंच की! लग्नाच्या मांडवासारखा मधोमध रोवून बसलो होतो, आणि नवरी आत अडकलेली. दिवसभरात तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. साडू खो-खो हसत सुटला. मी चिडलो, स्वतःवरच.

"थांबा, आत्ता उपटतो," म्हणत मी सबल घेतली.

मामाजींनी सबलीला हात घातला. "राहू द्या. धान निघाल्यावर ट्राली लागते. तवा या अन् खांब काढून द्या. काम झालं का परत रोवा."

"दर साली?"

"दर साली."

"साडू आहे ना इथी. तो काढन."

"ज्यानं रोवला त्यानं काढाव."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मामाजी, तुमची पोरगी नाई राह्यली आता."

ट्रॅक्टरवाल्याचं हसू थांबलं. मामाजींनी सबल सोडली नाही.

"मले मालूम नाई का? पोरगी गेली. आता तुमी बी जाता का?"

मी सबल सोडून दिली. "धानाले येतो," म्हणालो, आणि तिथंच, सगळ्यांसमोर, लेकरासारखं भोकाड पसरलं.