चार्जिंगच्या भोकात खारं पाणी

हे मी कुणाला सांगितलेलं नाय. बायकोलाही नाय — आणि आता सांगायचं म्हटलं तरी ती नाय. मागच्या आखाडात गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. गव्हाणच्या मिठागरावर जन्म काढला. म्हणून एक गोष्ट मला पक्की ठाऊक — खारं पाणी लोखंडाला आतून खातं, वरून दिसत नाय. हे का सांगतोय? येतो तिकडे. जरा थांबा.

आमची नात दीपाली. बाप गेल्यापासून ती आणि तिची आई आमच्याकडे. आई उलव्याच्या टॉवरांत धुणीभांडी करते. दीपाली दहावीत गेली आणि पनवेलच्या एका संस्थेनं गावातल्या पाच पोरींना टॅब दिले. शिकवणीची ऐपत नाय त्यांनी त्यावर शिकायचं म्हणे. फुकट. फुकट कोण कुणाला देतो? आमच्या जमिनी गेल्या तेव्हाही माणसं अशीच गोड बोलत आली होती.

रोज सातला पोर आतल्या खोलीत जायची, दार लोटायची. आतून कुणा बाप्या माणसाचा आवाज यायचा. तो हसायचा, मग हीपण हसायची. मी ओटीवर बसून कान देऊन असायचो. विचारलं तर म्हणाली, "आजा, गणिताचे सर हायत. या ना, बगा."

गेलो नाय. दोन पावलांवर दार होतं. बघितलं असतं आणि काय कळलं नसतं, तर नातीसमोर अडाणी ठरलो असतो — एवढंच कारण. त्यापेक्षा संशय बरा वाटला.

मग — लागोपाठ तीन दिवस दुपारी, ती शाळेत असताना — मी वाटीत पाण्यात मीठ कालवलं. कापसाची वात बुडवली आणि टॅबच्या चार्जिंगच्या भोकात थेंब थेंब पिळली. वरून धोतरानं पुसून घेतलं. चौथ्या दिवशी तो बंद पडला.

संस्थेची बाई तो दुकानात उघडून घेऊन आली. म्हणाली, आत पाणी गेलंय, सगळं गंजलंय. पोर रडत होती, "मी नाय भिजवला, आजी. तुजी शप्पत." आमच्या म्हातारीनं कधी तिला बोट लावलं नव्हतं. तिनं त्या बाईसमोर पोरीच्या थोबाडीत मारली. "चूक झाली ती झाली, खोटा कशाला बोलतंस गं?"

मी तिथेच होतो. तंबाखू मळत होतो.

त्याच दिवशी, सातला, शेजारच्या खिडकीतून, तिथल्या पोरीच्या टॅबवर, तो बाप्या बोलायला लागला. तोच आवाज, तेच हसणं. "चला मुलींनो, वह्या काढा."

म्हणजे मला त्याच संध्याकाळी कळलं. म्हातारी चुलीपाशी होती, चार हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं. भाकरी खाल्ली आणि उठलो.

दुसरा टॅब आला नाय. शेजारी जाऊन बस म्हटलं तर दीपाली जायची नाय — पोरी खोटारडी म्हणायच्या. गणितात नापास झाली. परत परीक्षेला बसली नाय. आता कंटेनर यार्डाच्या गोदामात खोक्यांना पट्ट्या चिकटवते.

म्हातारी शेवटच्या आजारात होती तेव्हा तिनं पोरीचा हात धरला. "त्या टॅबचा आता तरी खरा सांग ना गं मला." दीपालीनं तिच्या अंगावरची गोधडी नीट केली. मग म्हणाली, "हो आजी. मीच भिजवला." म्हातारीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. मी खाटेच्या पायाशी उभा होतो. तेव्हाही तोंड उघडलं नाय.

मला बीपी हाय. गोदामातून आली की पोर माझी भाजी वेगळी काढते — बिनमिठाची. ताट ठेवते, बोलत नाय. तिला ठाऊक असंल का? रोज तिचं तोंड बघतो, काय कळत नाय.

पाणी मी घातलं. पोर खरं बोलत होती.