वरणात पडलेली पाल

चर्चमध्ये मंडळीपुढं बायका प्रभूनं काय केलं त्याची साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की मला वाटायचं, आपल्याकडं सांगण्यासारखं काय आहे? ना मी मरणाच्या दारातून परत आले, ना कधी स्वप्नात प्रकाश बघितला. माझी साक्ष वरणाच्या पातेल्यात निघेल, हे कुठं ठाऊक होतं!

ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा बजाजनगरात मी खानावळ काढली. चार-दोन डब्यांवर घर काही चालेना. गावाकडं परत जायची बोलणी सुरू झाली आणि तेवढ्यात एका वर्कशॉपच्या सगळ्या कामगारांच्या जेवणाची ऑर्डर मिळाली. पहिला दिवस नीट गेला तर ती कायमची. पहाटे प्रार्थना करूनच कामाला लागले. भात, भाजी, पोळ्या झाल्या. डबे भरायला वरणावरचं अर्धवट झाकण काढलं, तर आत छपराच्या पत्र्यावरून पडलेली पाल!

ह्यांनी पळीनं ती काढून टाकली आणि हळूच म्हणाले, "उकळलेलंच हाय ना. कुणाला काय कळतंय? ही ऑर्डर गेली तर आपण संपलो बघ." मी आत जाऊन गुडघे टेकले. "प्रभू, काय करू?" असं म्हणत होते खरी, पण काय करायचं ते मला झाकण उघडलं तेव्हाच कळलं होतं. मी ते वाढायची परवानगी मागत होते. त्या कामगारांत माझा सख्खा भाऊ जेवायला बसला असता, तर मी त्याला हे वाढलं असतं का? माझीच मला लाज वाटली.

उठले आणि अख्खं पातेलं मोरीत उपडं केलं. ह्यांनी डोक्याला हात लावला. वर्कशॉपच्या साहेबांना फोन लावला तेव्हा "गॅस संपला" हे अगदी जिभेवर आलं होतं. पण बोलले ते खरंच. "साहेब, वरणात पाल पडली, मी सांडून दिलं. जेवणाला उशीर होईल." ते म्हणाले, "होईल तेवढं लवकर आणा. पुढचं नंतर बघू."

तेवढ्यात दारात शेजारची रेहाना बाजी उभी. पाण्याच्या नळावरून उन्हाळ्यापासून आमचं बोलणं बंद होतं. सांडलेलं वरण वाहत तिच्या अंगणात गेलेलं, म्हणून भांडायलाच आली असं मला वाटलं. तिनं माझं रडवेलं तोंड बघितलं, सगळं ऐकलं आणि ओढणी कमरेला बांधली. "रोते कायकू? मेरी डाल भिगाके रखी है, कुकर भी लाती. तुम फोडणी देखो!" पाहुण्यांच्या मटण-दालच्यासाठी भिजवलेली तिची डाळ माझ्या शेगडीवर शिजली. मी मदतीसाठी सगळीकडं बघितलं असतं, त्या एका दाराकडं बघितलं नसतं. प्रभूनं नेमकं तेच उघडलं.

जेवण उशिरा पोचलं. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः स्वयंपाकघर बघायला आले. पत्र्याखाली जाळी मारून घ्या म्हणाले आणि ऑर्डर चालू ठेवली. नसती ठेवली तरी मी रडत रडत का होईना, आभारच मानले असते. शेवट काय व्हायचा तो त्याच्यावर सोडायचा, पातेलं मात्र आपल्याच हातानं उपडं करायचं, एवढं मी शिकले.

आता रोज वरण चढवलं की भिंतीपलीकडून बाजी ओरडते, "ताई, छत देखे क्या?"

"व्हय गं बाई, देखा!" मी ओरडते, आणि मनात आमेन म्हणते.