खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

मी संभाजीनगरात एका छोट्या कंपनीत बसच्या तिकिटांची साइट सांभाळतो. नवी आवृत्ती चढवायची, पण साइट बंद पडू द्यायची नाही — यात माझा हात कुणी धरणार नाही. पद्धत साधी आहे. जुनं मशीन चालूच ठेवायचं. शेजारच्या मशीनवर नवं उभं करायचं, आणि लोक थोडेथोडे तिकडं वळवायचे. काही बिघडलं, तर परत जुन्याकडं. सगळे नव्यावर नीट बसल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही. हा नियम माझाच. म्हणूनच तर —

थांबा. आधी संगीताचं सांगतो.

संगीता माझ्या हाताखाली होती. बजाजनगरची. वडील वाळूजच्या कारखान्यातून रिटायर झालेले, घर तिच्याच पगारावर. मला दादा म्हणायची. दुपारचा डबा आम्ही दोघं एकत्रच खायचो. तिच्या आईचा ठेचा लई जहाल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं की ही हसत सुटायची, "दादा, तुम्ही नावालाच मराठवाड्याचे!"

त्या वर्षी मालकांना नवी साइट दसऱ्याआधी हवी होती. आदल्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे हत्यारांची पूजा. वाळूजला लेथला हार घालतात, आमच्याकडं मागच्या खोलीतल्या या दोन मशिनांना. आणि त्याच दिवशी गावी जाणाऱ्यांची तिकिटांसाठी झुंबड. सकाळी मालकांनी विचारलं, "आले का सगळे नव्यावर?" निम्मे लोक अजून जुन्यावरच होते. मी म्हणालो, "आले की!" का म्हणालो? काय अडलं होतं माझं? चार पाहुणे बसले होते, त्यांच्यासमोर शाबासकी हवी होती. एवढंच.

पूजेला मालकांच्या आई आल्या. म्हणाल्या, "पूजेच्या हत्याराला कामाला जुंपत नसतात. एखादं तरी बंद ठेव गं." संगीता झेंडूचा हार हातात घेऊन माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "दादा, जुनं बंद करू का? त्यावर कुणी नाही ना आता?"

मालक दारातच पाहुण्यांशी बोलत उभे होते. नको म्हटलं असतं, तर सकाळचं खोटं तिथंच उघडं पडलं असतं — मी म्हणालो, "कर बंद."

तिनं बंद केलं. हार घातला, हळदकुंकू वाहिलं. सगळी गर्दी एकदम नव्यावर कोसळली आणि तेही बसलं. जुनं परत सुरू केलं, तर गर्दीपुढं तेही उठेना. दुपारभर साइट बंद. फोनवर फोन, शिव्यांवर शिव्या. मालक लालबुंद होऊन आत आले, "जुनं कुणी बंद केलं?"

संगीतानं माझ्याकडं पाहिलं. मी बोलेन, अशी तिची खात्री होती — व्हय, खात्रीच. आणि मी बोललोही. म्हणालो, "अगं, मला विचारायचं तरी होतंस."

तिनं ओरडायला हवं होतं, चार माणसांत माझी अब्रू काढायला हवी होती. तिनं डबा पिशवीत टाकला आणि गेली. दसऱ्यानंतर मालकांनी तिला कळवलं, येऊ नका. मला बढती मिळाली — साइट परत उभी केली म्हणून! लाज वाटली का? वाटली. पण पेढे मी घेतले.

तेव्हापासून डबा एकटाच खातो. पोरं बोलावतात, मी काम आहे म्हणतो. एकटं वाटतं, फार वाटतं. पण कुणी जवळ आलं की धसका बसतो — हा उद्या मला दादा म्हणेल.

बरं, एवढ्यावर तरी थांबलो का? नाही. नवीन मुलं कामाला लागली की त्यांना तो नियम मीच शिकवतो, आणि उदाहरण देतो. नाव घेऊन. "संगीता म्हणून एक होती, हुशार होती, पण न विचारता मशीन बंद केलं." परवा एका मुलीनं विचारलं, "सर, एवढी हुशार होती, तर विचारलं का नसेल तिनं?"

मी म्हणालो, "घाई. दुसरं काय?"

तिनं विचारलं होतं. बंद कर, असं मी म्हणालो होतो.